विचारा की! : साराभाई परत आले तेव्हा

मागच्या अंकात एका उत्तरात मी जाता जाता लिहिलं होतं की 'साराभाई वर्सेस साराभाई'चा दुसरा भाग, म्हणजे 2017 सालचा 'टेक 2', मी परत एकदा पाहिला आणि पहिल्या वेळी जेवढा राग आला होता तेवढा या वेळी आला नाही. बस, एवढंच लिहिलं होतं. त्यावर एवढी पत्रं आली, व्हॉट्सअ‍ॅपवर एवढे मेसेज आले की या महिन्यात बाकी सगळे प्रश्न बाजूला ठेवलेत, पुढच्या अंकात नक्की घेते. हा अख्खा कॉलम साराभाईंचा.

अमळनेरहून एक वाचक विचारतात : ताई, आमच्या घरातल्या पोरांनी ही मालिका पाहिलेलीच नाही. नेमकं काय होतं तिच्यात? आणि तुम्हाला एवढी जवळची का वाटते?

दादा, आधी गोष्ट सांगते. 2004 साली स्टार वन नावाचं नवीन चॅनल निघालं होतं, त्यावर ही लागायची, 2006 पर्यंत चालली, सगळे मिळून सत्तरेक एपिसोड. मुंबईत कफ परेडला राहणारं श्रीमंत गुजराती घर. सासू माया, तिला घरातली प्रत्येक वस्तू, प्रत्येक शब्द नीटनेटका आणि उंची लागतो. सासरा इंद्रवदन, रिटायर्ड, दिवसभर खोड्या काढणं हाच त्याचा उद्योग. मोठा मुलगा साहिल डॉक्टर, प्लास्टिक सर्जन, कायम आई आणि बायकोच्या मधे अडकलेला. त्याची बायको मोनिशा दिल्लीकडची, नोएडाची, साध्या घरातली. आणि धाकटा रोसेश, नाटकात काम करणारा आणि कविता करणारा, 'मॉम्मा' 'मॉम्मा' करत आईच्या मागे मागे फिरणारा. लेखक आतिश कपाडिया, निर्माते जे. डी. मजेठिया, आणि दिग्दर्शन देवेन भोजानींचं, जे त्यातच दुष्यंत जावई पण झाले होते, मिक्सर नाहीतर फ्रीज बिघडला की तो का बिघडला हे समोरच्याचं डोकं दुखेपर्यंत समजावून सांगणारा.

आता जवळची का ते सांगते. मी तेव्हा धुळ्याला अकरावीत होते. 2005 चं लोडशेडिंग ज्यांनी भोगलंय त्यांना वेगळं सांगायला नको, आमच्याकडे संध्याकाळी लाइट गेली की रात्री जेवणं उरकेपर्यंत यायची नाही, आणि यायची तेव्हा अख्ख्या गल्लीतून 'आलीऽऽ' असा एकच आवाज उठायचा आणि सगळ्या घरांतले टीव्ही एकदम बोलायला लागायचे. आमच्या केबलवाल्याने स्टार वन शेवटच्या नंबरांवर टाकलं होतं, चित्रावर मुंग्या यायच्या, पण आवाज स्वच्छ होता. आजी खाली बसून सुपात दादर, म्हणजे आमच्याकडची ज्वारी, निवडायची. तिला अहिराणी सोडून दुसरी भाषा नीट येत नव्हती, हिंदी थोडी कळायची, इंग्रजीचा तर संबंधच नाही, आणि माया तर अर्धं इंग्रजीत बोलते. तरी आजी दर वेळी विचारायची, "काय म्हनी राह्यनी ती?" मग आई भाजी चिरता चिरता सांगायची, "सून गावंढळ आहे म्हणतेय." आजी सूप थांबवून टीव्हीकडे बघायची, मग आईकडे बघायची, आणि दोघी हसायच्या. का हसतायत ते तेव्हा मला कळलं नाही. पुढे माझं लग्न झालं तेव्हा कळलं.

त्यात एक मधुसूदन फूफा होते, अरविंद वैद्य करायचे, कानाने कमी ऐकणारे, कुणी काहीही बोललं की "हैं?" आमचे बाबा, म्हणजे आजोबा, तसेच होते, त्यांना हाक मारायची तर ओसरीपासून मागच्या दारापर्यंत ऐकू जाईल एवढं ओरडावं लागायचं. पहिल्यांदा फूफा दिसले तेव्हा आजी म्हणाली, "हाऊ ते तुन्हा बाबानागत शे!" आणि पदर तोंडाला लावून एवढी हसली की सुपातली दादर सांडली. त्या दिवसापासून ती मालिका आमच्या घरची झाली.

शहाद्याहून एक ताई : आम्ही कफ परेड कधी पाहिलं नाही, चांदीच्या कपात चहा प्यायलो नाही. तरी ती मोनिशा आपल्यातलीच का वाटते हो?

कारण ती आपल्यातलीच आहे. बघा ना, लग्नाआधी तिचं नाव मनीषा होतं. मायाला ते फारच साधं, मिडल क्लास वाटलं म्हणून तिने बदलून मोनिशा केलं. आता मला सांगा, आपल्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीने नवरीचं नवीन नाव लिहितात की नाही? माझ्या आईचं असंच बदललं होतं, माहेरी जी होती ती सासरी नव्हती, आणि तिच्या माहेरची माणसं आली की घरात एकाच वेळी दोन नावांनी तिला हाका मारल्या जायच्या आणि ती दोन्हींना ओ द्यायची. मनीषाची मोनिशा होताना इंग्रजीत एकाच अक्षराचा फरक पडला म्हणून मोनिशाचं कुणाला काही वाटत नाही, पण कपाडियांनी सुरुवातच तिथून केलीय, सुनेचं नावसुद्धा तिचं राहत नाही तिथून, आणि त्यावर विनोद उभा केलाय. हे मला फार मोठं वाटतं.

दुसरं म्हणजे तिची काटकसर. डिस्काउंट दिसला की तिचे डोळे चमकतात, एकावर एक फ्री म्हणजे तिचा सण, आणि घासाघीस केल्याशिवाय घेतलेली वस्तू तिला पचत नाही. माझी आई धुळ्याच्या बाजारात, पाचकंदीलला जायची, तिथे एका पातेल्यासाठी तीन दुकानं फिरायची आणि शेवटी पहिल्याच दुकानात येऊन घ्यायची, आणि घरी आल्यावर किती कमी केले ते आठवडाभर सगळ्यांना सांगायची. तेलाची पिशवी संपली की कापून, आतून बोटाने पुसून, ते बोट पोळीला लावायची. गादीखाली प्लास्टिकच्या पिशव्या घड्या घालून ठेवायच्या, त्या आजही आहेत. मायाने आमच्या घरात पाऊल टाकलं असतं तर पहिल्याच मिनिटाला चक्कर येऊन पडली असती. पण मोनिशा मात्र पाट ओढून बसली असती आणि शेवभाजी परत मागून घेतली असती.

आणि शहादेकरांना तर गुजराती काही परकी नाही, आपल्या पश्चिम खान्देशातली अर्धी माणसं सुरतला, उधन्याला कामाला, अहिराणीत गुजरातीचे किती शब्द मिसळलेत. त्यामुळे ते घर पैशाने लांब होतं तरी कानाला लांब नव्हतं.

अजून एक सांगायचं राहिलं, मायाच्या बाजूने. ती मोनिशाला घालूनपाडून बोलते, पण तिला घराबाहेर काढायचा विचार तिच्या मनात येत नाही. तिला ती सुधारायची असते. त्या काळात दुसऱ्या चॅनलवरच्या सासवा दुधात काय काय मिसळत होत्या आठवतंय ना, त्यात ही एक सासू होती जी फक्त बोलायची, तेही हळू आवाजात. आणि सुनेची बाजू घ्यायला चक्क सासरा. इंद्रवदन आणि मोनिशाची युती म्हणजे त्या मालिकेचा जीव होता.

भुसावळहून रेल्वेत काम करणारे एक वाचक : टेक 2 मला अजिबात झेपला नाही. माणसं तीच, लेखक तोच, घराणं तेच. मग बिघडलं कुठे? मी दोन एपिसोडनंतर बंद केला.

दादा, तुमचं पत्र चार पानी होतं, इथे एवढंच घेतलंय, पण तुमचा राग मी पूर्ण वाचला आणि त्यातला बराच माझा पण होता. 16 मे 2017, मंगळवार होता, हॉटस्टारवर पहिला एपिसोड आला, आता त्याचं नाव जिओहॉटस्टार झालंय. तोवर माझं लग्न होऊन मी जळगावला आले होते, पदरात एक लेक होती. लेकीला झोपवून, मोबाइल भिंतीला टेकवून, कानात हेडफोन घालून मी तो लावला, एवढी उत्सुकता होती की पोटात गोळा आलेला. सगळे आले. माया झालेल्या रत्ना पाठक शाह, इंद्रवदन सतीश शाह, साहिल सुमीत राघवन, मोनिशा रुपाली गांगुली, रोसेश राजेश कुमार, सगळेच्या सगळे, अकरा वर्षांनी. पहिली पाच मिनिटं मी नुसती त्यांच्याकडे बघत होते, काय बोलतायत इकडे लक्षच नव्हतं. कुंभमेळ्यात हरवलेली माणसं सापडावी तसं झालं.

आणि मग हळूहळू लक्षात यायला लागलं की हे जरा जोरात बोलतायत.

बिघडलं ते मला इथे वाटतं. आपल्याकडे भरीत करतात तेव्हा वांगी पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांच्या, काड्यांवर भाजतात, त्या धुराचा वास वांग्यात उतरतो. तेच वांगं, त्याच बाईने, तोच ठेचा, तीच पात घालून गॅसवर भाजून केलं तर भरीतच होतं, खाल्लं पण जातं, पण जेवणारा विचारतोच, शेतात केलेलं नाही ना हे? साराभाईंचं तसं झालं. वांगं तेच होतं, आच बदलली होती.

पहिल्या वेळची आच काय होती? तेव्हा ही मालिका फार लोक बघतच नव्हते. टीआरपी कमी होता, रडक्या मालिकांच्या लाटेत ही कुठेतरी कोपऱ्यात चालू होती, पुढे रिपीट टेलिकास्ट आणि इंटरनेटमुळे ती घराघरात गेली, तीही बंद पडल्यावर. म्हणजे लिहिणाऱ्याला आणि करणाऱ्याला माहीतच नव्हतं की यातलं काय लोकांच्या तोंडात बसणार आहे. 'मिडल क्लास' हा शब्द माया बोलायची तेव्हा ती मोनिशाशी बोलत होती. रोसेश कविता म्हणायचा तेव्हा त्याला खरंच वाटायचं की आपण थोर कवी आहोत, आणि माया डोळे मिटून ऐकायची कारण तिला पण खरंच तसंच वाटायचं. 2017 मधे तसं राहिलं नाही. तोवर आपण सगळ्यांनी त्या वाक्यांचे मीम करून, स्टेटस ठेवून, मित्रांना पाठवून पाठवून गुळगुळीत केली होती. आता माया ते वाक्य बोलते तेव्हा मला असं वाटत राहिलं की ती माझ्याशी बोलतेय, बघ, तुला हेच हवं होतं ना, घे. आणि मला तेच हवं होतं हे पण खरं आहे. मागितलेलं मिळालं तरी गंमत गेली, कारण पूर्वी ते न मागता, नको त्या वेळी, अचानक यायचं.

रत्नाताईंचं काम नीट बघा एकदा. जुन्या भागांत मायाचा आवाज वर चढत नाही. सगळ्यात वाईट वाक्य ती सगळ्यात गोड आवाजात बोलते, आणि बोलताना हातातल्या कपाकडे किंवा साडीच्या काठाकडे बघते, मोनिशाकडे नाही. मोनिशाला ते कळायला एक सेकंद लागतो, त्या एका सेकंदात इंद्रवदनच्या चेहऱ्यावर हसू यायला सुरुवात झालेली असते, आणि साहिल कपाळाला हात लावतो. चार माणसं, चार वेगळ्या वेळी एकच वाक्य ऐकतायत. हे नाटकाचं टायमिंग आहे, आपण मराठी माणसं नाटकवेडी, आपल्याला ते लगेच कळतं. टेक 2 मधे तो सेकंद मला कमी सापडला. वाक्य आलं की लगेच पुढचं वाक्य, त्यावर म्युझिक, त्यावर तिसऱ्याचा चेहरा. हसायला जागाच ठेवली नाही.

आणि शेवटचं, हे मला सगळ्यात जास्त टोचलं. अकरा वर्षं झाली होती. मोनिशाला मुलगा झाला होता. म्हणजे ती आता त्या घरात पाहुणी नाही, बारा पावसाळे काढलेली बाई आहे. मी स्वतः तोवर सून झाले होते ना, मला माहीत होतं की एवढ्या वर्षांनी सासू-सुनेचं भांडण बदलतं. सुरुवातीला सासू शिकवते आणि सून रडते किंवा चिडते. पुढे पुढे दोघींना एकमेकींचे सगळे डाव पाठ होतात. कधी कधी सासूच सुनेची एखादी सवय उचलते आणि कुणाला सांगत नाही. माझ्या सासूबाईंनी आयुष्यभर माझ्या धुळ्याच्या पद्धतीच्या फोडणीला नावं ठेवली, आणि एका श्रावणात कानबाईच्या सणाला, रोटांच्या वेळी पाहिलं तर स्वयंपाकघरात एकट्या उभ्या राहून तशीच फोडणी करत होत्या. मला बघितल्यावर झाकण ठेवलं. असं काहीतरी मला मायात बघायचं होतं. मायाने गुपचूप, दार लावून, एखाद्या सेलमधे एकावर एक फ्री घेतलेलं बघायचं होतं. घरातलं वय वाढलं होतं, पण भांडण 2004 चंच राहिलं होतं.

तरी मी म्हणते दादा, बंद केलात ते परत लावा. इंद्रवदन आणि मोनिशा कुठेही एकत्र आले की ती जुनी आच परत लागते, मधेच, अर्धा मिनिट. सतीश शाह नुसते सोफ्यावर रेलून डोळे बारीक करतात तेवढ्यासाठी पण मी परत बघेन. पहिल्या वेळी मी जुनी मालिका शोधत होते म्हणून राग आला. या वेळी मी माणसांना भेटायला गेले होते.

पाचोऱ्याहून : मग जुनी मालिका परत आणूच नये असं तुमचं मत आहे का?

नाही हो, अजिबात नाही. 'वागले की दुनिया' बघा. आर. के. लक्ष्मण यांच्या त्या साध्या माणसावरची ती दूरदर्शनची मालिका, 1988 सालची, कुंदन शाह यांनी केलेली, अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर. ती 2021 मधे सोनी सबवर परत आली, आणि गंमत म्हणजे आणणारे मजेठिया आणि कपाडियाच, साराभाईवालेच. त्यांनी काय केलं, अंजनजी आणि भारतीताईंना म्हातारं होऊ दिलं. ते आता आजी-आजोबा, आणि संसाराचा गाडा ओढणारा वागले आता त्यांचा मुलगा, तो कोण, तर सुमीत राघवन, आपला साहिल! जुन्या वागलेच्या अडचणी वेगळ्या होत्या, नव्याच्या वेगळ्या, आणि बाप मुलाच्या अडचणी बघून कधी हसतो, कधी त्याला काही उमजतच नाही. माझ्या वडिलांनी जुनी पाहिलेली, घरातलं एक माणूस गच्चीवर अँटेना धरून उभं राहायचं आणि खालून ओरडायचे 'थांब थांब, आता हलवू नको'. तेच वडील 2021 मधे नवीन बघताना अंजनजींकडे बोट दाखवून म्हणाले, हा पण माझ्यासारखाच रिटायर झाला. म्हणजे मालिकेत आणि आमच्या घरात सारखीच वर्षं गेली होती. हे टेक 2 मधे हवं होतं मला.

चोपड्याहून : खिचडी पण 2018 ला परत आली होती. ती मला बरी वाटली, साराभाईपेक्षा. असं का?

मला पण. कारण 'खिचडी'तले ते नवरा-बायको, प्रफुल्ल आणि हंसा, वयाने वाढायची माणसंच नाहीत. त्यांना 2002 मधे जेवढं कळत होतं तेवढंच 2018 मधे कळतं, त्यांच्यावर काळाचा परिणाम होत नाही, म्हणून कधीही दार उघडा, ते तिथेच झोक्यावर बसलेले. माया-मोनिशाचं तसं नाही, त्या खऱ्या बायका आहेत. हंसा करणाऱ्या सुप्रिया पाठक आणि माया करणाऱ्या रत्ना पाठक या सख्ख्या बहिणी, दीना पाठक यांच्या लेकी, आणि दोघींच्या या भूमिका एकाच लेखकाच्या हातच्या. एकीला जगातलं काही कळत नाही आणि दुसरीला वाटतं जगातलं सगळं आपल्यालाच कळतं. एका आईच्या पोटी केवढी दौलत!

धुळ्याहून एक कॉलेजची विद्यार्थिनी : रोसेश माझा सगळ्यात फेवरेट. त्याचं काम करणारे राजेश कुमार मधे शेती करायला गेले होते असं ऐकलं, खरं आहे का?

खरं आहे बेटा. टेक 2 च्या आसपासच ते काम सोडून बिहारमधे आपल्या गावाकडे गेले आणि काही वर्षं शेती केली, मुलाखतींमधे त्यांनी स्वतः सांगितलंय, नुकसान सोसलं ते पण सांगितलंय. आमच्याकडे रावेर, यावलच्या केळीवाल्यांना विचार, एका वादळात उभी बाग आडवी होते म्हणजे काय ते. कफ परेडच्या सोफ्यावर 'मॉम्मा' करणारा माणूस पावसाची वाट बघत बांधावर उभा होता हे कळल्यावर माझ्या मनात त्यांच्याबद्दल वेगळीच माया तयार झाली. आणि तू रोसेशच्या कवितांना नुसतं हसू नको, त्या म्हणताना त्यांचा आवाज ऐक. तो आवाज त्यांनी कुठेही सोडलेला नाही, सत्तर एपिसोड, नाकातून, एकाच पट्टीत. शेजारी बसून कुणाला पाच मिनिटं तसं बोलायला सांग, घसा बसतो.

चाळीसगावहून : मराठीतली कुठली जुनी विनोदी मालिका परत यावी?

'श्रीयुत गंगाधर टिपरे'. दिलीप प्रभावळकरांचे आबा, केदार शिंदेंचं दिग्दर्शन, 2001 ला अल्फा मराठीवर सुरू झाली होती. पण आबा, शेखर, श्यामला जिथे होते तिथेच उभे करायचे असतील तर नको. ती नातवंडं आता संसाराला लागलेली असतील, त्यांच्या घरी काय चाललंय ते आबांनी डायरीत लिहिलेलं मला ऐकायचंय.

पारोळ्याहून एक मावशी : सतीश शाह गेले तेव्हा मी दोन दिवस नीट जेवले नाही, घरचे हसले मला. आता तिसरा भाग येऊच नये ना?

मावशी, हसू द्या त्यांना. मी पण रडले. ऑक्टोबर 2025, दिवाळी नुकतीच संपलेली, घरात अजून फराळाचे डबे उघडेच होते. 25 तारखेला दुपारी बातमी आली. 74 वर्षांचे होते. मी आधी धुळ्याला आईला फोन लावला, तिला आधीच कळलं होतं, ती एवढंच म्हणाली, "आजी असती तर काय म्हणाली असती गं." फोनवर दोघी गप्प.

त्यांनी केवढं काम केलंय, 1984 च्या 'ये जो है जिंदगी'त तर ते दर भागात वेगळ्या माणसाच्या रूपात यायचे, माझ्या वडिलांच्या पिढीला ते पाठ आहेत. पण आमच्या पिढीला ते इंद्रवदन. अंत्यसंस्काराच्या वेळी साराभाईतल्या मंडळींनी मिळून मालिकेचं टायटल साँग म्हटलं, तुम्ही तो व्हिडिओ पाहिला असेल, रडत रडत म्हणतायत, काहींचा आवाज फुटतच नाहीये. कुणी म्हणालं की स्मशानात हे कसलं गाणं. मला ते अगदी बरोबर वाटलं. आपल्याकडे भजनी मंडळातला टाळकरी गेला तर बाकीचे टाळ घेऊनच त्याला पोचवायला जातात, तसंच ते.

तिसऱ्या भागाचं विचारता. मी सहा महिन्यांपूर्वी म्हटलं असतं नको. इंद्रवदनशिवाय काय करायचंय, आणि त्यांच्या जागी दुसरा माणूस तर मला बघवणारच नाही. पण गेले काही दिवस, ही सगळी पत्रं वाचता वाचता, माझं मत बदललंय. यावा. एकच भाग यावा, तासाभराचा. त्यात इंद्रवदन नाही हे लपवू नये. माया त्याच हॉलमधे, नेहमीसारखी नीट नेसलेली, कप हातात. समोरच्या सोफ्यावर ती जागा रिकामी. रोसेशने बाबांवर कविता केलेली आहे आणि ती ऐकून 'बंद कर' म्हणणारं आता कुणी नाही, म्हणून त्याला ती शेवटपर्यंत म्हणता येत नाहीये. साहिलला काय बोलावं कळत नाही. मग मोनिशा येते, हातात बिस्किटांचा पुडा, एकावर एक फ्री मिळालेला, आणि विसरून सवयीने त्या रिकाम्या जागेवर जाऊन बसते, पाय वर घेऊन, जसे ते दोघं बसायचे तसे. सगळे तिच्याकडे बघतात. मायाने कप खाली ठेवावा. आणि मग ती मोनिशाला काहीतरी बोलावी, अगदी हळू आवाजात, काय ते कपाडियांनी लिहावं, आणि मोनिशाने एक पूर्ण सेकंद घ्यावा.